एका देहात एकच जीव : वसईत खरोखर लागू असलेला कायदा

आजचा भाग वसईच्या किल्ल्याबद्दल आहे, पण सुरुवात एका इंग्रजी कादंबरीपासून करतो, कारण तिच्यामुळेच हा विषय डोक्यात घुसला. कॅट झँग या अमेरिकन लेखिकेची 'व्हॉट्स लेफ्ट ऑफ मी', २०१२ साली आलेली. किशोरवयीन वाचकांसाठी लिहिलेली आहे, पण वाचायला लाजू नका.

या कादंबरीच्या जगात प्रत्येक मूल दोन जीव घेऊन जन्माला येतं. देह एक, आत दोघं, दोघांना वेगवेगळी नावं. पहिली काही वर्षं दोघंही बोलतात, चालतात, आईला हाक मारतात. मग त्यातला दुबळा जीव हळूहळू विझतो. घरचे रडतात, पण हे 'नॉर्मल' आहे असं सगळे मानतात. गोष्ट आहे अ‍ॅडी आणि इव्हा या दोघींची. इव्हा विझायला हवी होती, पण ती विझलीच नाही. हात हलवता येत नाही, बोलता येत नाही, तरी ती आत जागी आहे, आणि गोष्ट तीच सांगते. माझ्या कामाच्या भाषेत सांगायचं तर एका मशीनवर दोघं लॉगिन आहेत, कीबोर्ड मात्र एकीच्याच हातात. सरकारच्या लेखी असं असणं हा गुन्हा. देशाच्या सुरक्षेला धोका म्हणून अशा मुलांना उचलून संस्थांत डांबतात आणि दुसरा जीव काढून टाकायचे उपाय करतात.

आता आपल्याकडे एका देहात दुसरा जीव ही कल्पना काही नवी नाही. 'अंगात येणं' हा शब्दच आहे आपल्याकडे. पण अंगात येणारी देवी पाहुणी असते. येते, घुमते, कौल देते, निघून जाते. परकायाप्रवेशाच्या गोष्टीत मूळ मालक आधीच बाहेर पडलेला असतो. दोघं कायमचे एकाच घरात, आणि दाराशी सरकारी माणूस वही घेऊन 'आत नक्की कोण?' असं विचारतोय, ही परिस्थिती वेगळी. आणि ती परिस्थिती वसईने, म्हणजे आपण राहतो त्या पट्ट्याने, पावणेदोनशे वर्षं अनुभवली आहे.

२३ डिसेंबर १५३४. गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने वसई आणि आजूबाजूचा मुलूख पोर्तुगीजांना तहाने दिला. पुढे वसई हे पोर्तुगीजांच्या 'उत्तर प्रांता'चं मुख्य ठाणं झालं. साष्टी, ठाणे, मुंबईचं बेट, सगळं वसईच्या अखत्यारीत. (होय, तेव्हा मुंबई वसईखाली होती. विरार लोकलमध्ये चेंगरताना हे आठवून बघा, बरं वाटतं.) पाठोपाठ फ्रान्सिस्कन आले, जेझुइट आले, गावंच्या गावं ख्रिस्ती झाली. त्यात जबरदस्ती किती, सोय किती, श्रद्धा किती, याचा हिशेब आजही लोक आपापल्या सोयीने मांडतात. मला त्या दिवसापेक्षा त्याच्या दुसऱ्या दिवसात जास्त रस आहे. काल बाप्तिस्मा झाला. आज सकाळी उठून त्या बाईने काय केलं? भाषा तीच, वाडी तीच, भाताची रोपं तीच, सासू तीच.

१५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन बसलं. म्हणजे धर्माचं न्यायालय. त्याची हद्द गोव्यापुरती नव्हती, पूर्वेकडच्या सगळ्या पोर्तुगीज मुलखावर ती चाले. दमण, वसई अशा शहरांत त्यांचे नेमलेले कमिसारी असत, तक्रारी घ्यायला आणि माणसं गोव्याला पाठवायला. १५६१ ते १७७४ या काळात तिथे सोळा हजारांच्या वर माणसांवर खटले चालले.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण ती बऱ्याचदा गोंधळात जाते. या न्यायालयाचं मुख्य लक्ष्य होतं बाप्तिस्मा झालेला माणूस. बाकीच्यांनाही त्याचा त्रास झाला, पण मूळ गुन्हा होता ख्रिस्ती झाल्यावर आधीचं काही शिल्लक ठेवणं. डोक्यावर पाणी पडलं त्या क्षणी आधीचा जीव कायद्याने मेला. नंतर तो आत हलताना दिसला, तर तो हलतोय हाच पुरावा. कादंबरीतल्या सरकारचं तर्कशास्त्रही शब्दशः हेच आहे.

आणि हलतोय हे कळायचं कसं? आत तर कुणालाच बघता येत नाही. मग बाहेरच्या खुणा धरायच्या.

याचं सगळ्यात धडधडीत उदाहरण गार्सिया द ओर्ता. हा पोर्तुगीज वैद्य. त्याचे आईवडील स्पेनमधून हाकलले गेलेले ज्यू. पोर्तुगालमध्ये १४९७ साली ज्यूंना सक्तीने ख्रिस्ती केलं गेलं, तेव्हा हे घरही ख्रिस्ती झालं. ओर्ता १५३४ मध्ये हिंदुस्थानात आला, अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाचे उपचार केले, आणि पुढे मुंबईचं बेट त्याला खंडाने मिळालं. १५६३ मध्ये गोव्यात त्याचं औषधी वनस्पतींवरचं पुस्तक छापलं गेलं. संवादांच्या रूपात आहे ते. त्यात आपल्या भागातली झाडं, फळं, लेणीसुद्धा येतात. १५६८ मध्ये तो गेला, सन्मानाने, ख्रिस्ती म्हणून पुरला गेला.

त्याच वर्षी त्याच्या बहिणीला, कातारिनाला, इन्क्विझिशनने पकडलं. गुपचूप ज्यू धर्म पाळते हा आरोप. चौकशीत भावाचंही नाव निघालं. तिला १५६९ मध्ये जाळलं. भाऊ तर आधीच मेलेला. तरी प्रकरण मिटलं नाही. १५८० मध्ये त्याची हाडं थडग्यातून उकरून जाळली. मेल्यावर बारा वर्षांनी.

आत दुसरा जीव होता म्हणून देहाला शिक्षा, आणि तोही देह जिवंत नसलेला. कादंबरीकाराने असं लिहिलं असतं तर संपादकाने 'हे जरा जास्त होतंय' म्हणून कापलं असतं.

आता वसईच्या तुरुंगात येऊ. शार्ल देलाँ नावाचा तरुण फ्रेंच वैद्य दमणला राहत होता. तोंडाळ असावा. बाप्तिस्मा, मूर्तींना दिला जाणारा मान, अशा विषयांवर चारचौघांत वाद घालायचा. शिवाय दमणच्या गव्हर्नरशी त्याचं वैयक्तिक बिनसलेलं. १६७३ मध्ये त्याला पकडलं आणि समुद्रमार्गे गोव्याला नेलं. वाटेत वसईला थांबा झाला, आणि काही दिवस त्याला इथल्या तुरुंगात ठेवलं. वसईच्या किल्ल्यात आज लोक प्री-वेडिंगचे फोटो काढतात, त्याच भिंतींच्या आत कुठेतरी. १६७४ च्या सुरुवातीला तो गोव्याला पोचला आणि पुढची दोन वर्षं एका कोठडीत एकटा काढली. सुटून युरोपात गेल्यावर त्याने १६८७ मध्ये सगळं पुस्तकात लिहिलं. गोव्याच्या इन्क्विझिशनचं आतून पाहिलेलं वर्णन म्हणून आजही त्याच्याकडेच जावं लागतं.

देलाँच्या पुस्तकात जाळण्यापेक्षा मला जास्त भीतीदायक वाटली ती चौकशीची पद्धत. आरोप काय ते आरोपीला सांगत नाहीत. तक्रार कुणी केली तेही नाही. त्याला एवढंच म्हणतात की तू काय केलंस ते तूच आठव आणि कबूल कर. म्हणजे माणूस कोठडीत बसून स्वतःचंच आयुष्य उलटसुलट करून तपासतो. जेवताना काय बोललो? कुणासमोर हसलो? कोणत्या सणाला कुठे उभा होतो? जे कबूल केलं ते त्यांच्याकडे असलेल्या तक्रारीशी जुळलं नाही, तर पुन्हा आत. देलाँने तर जीव द्यायचाही प्रयत्न केला. १२ जानेवारी १६७६ ला त्याला अनवाणी मिरवणुकीत चालवून शिक्षा वाचून दाखवली : मालमत्ता जप्त, हिंदुस्थानातून हद्दपार, पाच वर्षं गलबतावर सक्तमजुरी. १६७७ मध्ये तो सुटला.

हा निदान शिकलेला, युरोपियन, लिहू शकणारा. वसईच्या वाडीतल्या एखाद्या बाईला असं विचारलं असेल तेव्हा तिने काय आठवलं असेल?

याचा अंदाज बांधायला एक कागद आहे. १४ एप्रिल १७३६ चा, गोव्याच्या इन्क्विझिशनचा जाहीरनामा. अ. का. प्रियोळकरांच्या १९६१ सालच्या इंग्रजी पुस्तकामुळे तो आपल्या लोकांना माहीत झाला. धर्म बदललेल्यांनी काय करू नये याची त्यात यादी आहे. घराशी तुळस लावू नये. लग्नात नवरानवरीला हळद, तेल लावायचे विधी करू नयेत. बायकांनी ओव्या म्हणू नयेत. पानफुलं वाटू नयेत. पुरुषांनी धोतर नेसू नये, बायकांनी चोळी घालू नये. ठरावीक प्रसंगी बिनमिठाचा भात शिजवू नये.

बिनमिठाचा भात! मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसलो होतो. नंतर कळलं की हसण्यासारखं काही नाही, हे फार हुशार आहे. आज्ञा देणाऱ्याला नेमकं ठाऊक होतं की माणसाचा आधीचा जीव मंत्रांत राहत नाही, तो स्वयंपाकघरात राहतो. देवळं तर कधीच पाडून झाली होती. पावणेदोनशे वर्षांनंतरही हळद, ओवी आणि भात यांच्यावर हुकूम काढावा लागतो, याचा अर्थ तोवरचे सगळे हुकूम वाया गेले होते.

भाषेवरही हात टाकून झाला होता. १६८४ मध्ये व्हाइसरॉयने फर्मान काढलं की लोकांनी तीन वर्षांत स्वतःची भाषा सोडून पोर्तुगीज बोलावं. गंमत म्हणजे त्याआधी, १६१६ मध्ये, थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने ख्रिस्ताची सगळी कथा मराठीत, ओवीछंदात, पुराणाच्या धाटणीने लिहून छापली होती. 'ख्रिस्तपुराण'. चर्चच्याच एका माणसाने दोन्ही जीवांना एका देहात सुखाने नांदवून दाखवलं, आणि चर्चच्याच राज्याने सत्तर वर्षांनी तो देह बेकायदा ठरवला.

आता एक वळण घेतो, जपानकडे. वसईकर असाल तर का ते ओळखलं असेल.

गोन्सालो गार्सिया. १५५६-५७ च्या सुमारास वसईत जन्म, बाप पोर्तुगीज सैनिक, आई इथली. जेझुइटांकडे वाढला, त्यांच्याबरोबर जपानला गेला, पण आई हिंदी म्हणून त्यांनी त्याला संघात घेतलं नाही. म्हणजे कर्तृत्व, श्रद्धा, जपानी भाषा, सगळं असून आतला 'दुसरा' नडला. मग तो व्यापारी झाला, मनिलाला फ्रान्सिस्कनांनी त्याला बंधू म्हणून घेतलं, आणि त्यांच्याबरोबर तो पुन्हा जपानला गेला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी हिदेयोशीच्या हुकमाने नागासाकीत सव्वीस ख्रिस्त्यांना क्रुसावर मारलं, त्यात हा होता. १८६२ मध्ये तो संत घोषित झाला. पुढे जपानमध्ये ख्रिस्ती धर्मावर पूर्ण बंदी आली, आणि लोकांना येशूच्या चित्रावर पाय ठेवायला लावून तपासणी होऊ लागली. तरी काही घरांनी बाहेरून बौद्ध राहून आत तो धर्म अडीचशे वर्षं जपला.

तारखा शेजारी ठेवून पाहा. एकाच काळात गोव्यात माणसं पुरेशी ख्रिस्ती नाहीत म्हणून मारली जात होती आणि नागासाकीत ख्रिस्ती आहेत म्हणून. चित्रावर पाय ठेवायला लावणारा आणि भातातलं मीठ मोजणारा, दोघांचा धर्म वेगळा, पण नोकरी एकच. म्हणूनच या विषयावर बोलताना 'त्यांनी आपल्यावर' अशी एकच बाजू धरून बसणाऱ्यांशी माझं जमत नाही.

आणि तसंही वसईची गोष्ट तिथे संपत नाही. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला. आपल्याला शाळेत शिकवतात ते इथवर. पोर्तुगीज गेले, त्यांचे गोरे पाद्री गेले, चर्चच्या घंटा मराठ्यांच्या मुलखात देवळांत गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली प्रसिद्ध घंटा वसईचीच मानतात, तिच्यावर १७२१ साल आहे. पण दोन शतकं ख्रिस्ती असलेली गावं जाणार कुठे? तहात ख्रिस्ती राहू इच्छिणाऱ्यांना आपला धर्म पाळायची मुभा होती, आणि जाळपोळीचं न्यायालय काही आलं नाही. हा फरक मोठा आहे, तो झाकायचं कारण नाही. पण प्रश्न परत आला, उलट्या बाजूने. पेशवाईत शुद्धीकरणाच्या खटपटी झाल्या. काही घरं परत हिंदू झाली, काही राहिली. जी परत गेली त्यांना लग्नाच्या पंगतीत लगेच कुणी शेजारी बसवून घेतलं असेल असं समजू नका. जी राहिली त्यांना गोव्याहून येणाऱ्या देशी पाद्रींच्या भरवशावर दिवस काढायचे होते. पुन्हा तेच : एक जीव निवड, आणि निवडलास तरी आमचा विश्वास नाही.

राहिलेल्यांमधला एक समाज म्हणजे कुपारी, सामवेदी ख्रिस्ती. गास, नंदाखाल, भुईगाव, गिरीज, निर्मळ या पट्ट्यातला. 'कुपारी' हा शब्द पोर्तुगीज 'कोंपाद्रे'वरून आला असं सांगतात, म्हणजे मुलाचा धर्मपिता, आपल्या नात्यातला. 'सामवेदी' शब्द कुठून आला हे सांगायला नको. आडनावं दिब्रिटो, परेरा, लोपीस. म्हाताऱ्या बायकांच्या अंगावर लाल लुगडं. लग्नात हळद आहेच. वसई-मुंबईकडच्या जुन्या ख्रिस्ती घरांत लग्नाआधी वाजतगाजत उंबराचं पाणी आणायची रीतही आहे. १७३६ ची यादी समोर धरून या लग्नाला कमिसारी आला असता तर त्याची वही पहिल्याच संध्याकाळी भरली असती.

इथे कादंबरी आणि वसई यांच्यात मला एक मोठा फरक दिसतो. कादंबरीत अ‍ॅडी आणि इव्हा दोघी आहेत, दोघींना माहीत आहे की आपण दोघी आहोत. वसईच्या बाईला हळद लावताना 'आता माझा हिंदू जीव जागा झाला' असं वाटत नव्हतं. तिच्या लेखी ती एकच होती. चर्चला जाते तीही तीच, जात्यावर गाते तीही तीच. तिच्यात दोन जीव आहेत हे पहिल्यांदा सांगितलं ते न्यायालयाने. दोन तुकडे पाडायचे, एकाला नाव द्यायचं, दुसऱ्याला गुन्हा म्हणायचं. नंतर आलेल्या प्रत्येकाने तेच तुकडे वापरले, फक्त कुठला ठेवायचा आणि कुठला काढायचा ते बदललं. इंग्रजांच्या काळात तर लोकांनीच एक तिसरं नाव घेतलं : १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीच्या वर्षी, इथल्या मूळ ख्रिस्त्यांनी स्वतःला 'ईस्ट इंडियन' म्हणवायला सुरुवात केली. नोकऱ्यांत गोवेकरांपासून वेगळं ओळखलं जावं, कंपनी सरकारशी जुनं नातं दिसावं, हा त्यातला रोकडा हेतू.

जे टिकलं ते सगळंच गोड होतं असंही नाही. १८८२ चं ठाणे गॅझेटियर उघडलं तर ख्रिस्त्यांमध्येही जातींचे कप्पे तसेच उभे दिसतात. कोण कुणाच्या घरी मुलगी देणार, कुणाची नाही. हळदीबरोबर हेही दोनशे वर्षं जपून आणलं गेलं. इन्क्विझिशनला ओवी खुपली, जात फारशी खुपली नाही.

हे सगळं जुनं झालं म्हणावं, तर जानेवारी २०२० आठवा. उस्मानाबादच्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते फादर फ्रान्सिस दिब्रिटो. नंदाखालचे. 'सुवार्ता'चं संपादन केलेले, 'सुबोध बायबल'साठी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेले, हिरव्या वसईसाठी रस्त्यावर उतरलेले. नाव जाहीर झाल्यावर विरोध सुरू झाला. मुद्दा त्यांच्या मराठीचा नव्हता. झगा घालणारा माणूस मराठीचा प्रतिनिधी कसा, हा होता. संमेलन झालं, ते बोलले, लोकांनी ऐकलं. २०२४ च्या जुलैमध्ये ते गेले.

आणि आत्ता, या घडीला, विझत चाललंय ते वेगळंच. कादोडी. सामवेदी ख्रिस्ती आणि सामवेदी ब्राह्मण, दोन्ही घरांत बोलली जाणारी ही बोली. बाप्तिस्मा, फर्मान, तह, शुद्धी, सगळ्यांतून ती दोन्हीकडे तशीच राहिली, म्हणजे धर्माने फाळणी केली पण बोलीने केली नाही. तिच्यावर आज कुणाची बंदी नाही. मुलं इंग्रजी शाळेत जातात, सोसायटीत हिंदी, ऑफिसात इंग्रजी, चर्चमध्ये प्रमाण मराठी. आजीशी बोलायला उरते तेवढी कादोडी. कादंबरीतही घरचे इव्हाला तिच्या नावाने हाक मारणं थांबवतात.

नंदाखाल-गासच्या बाजूचं कुणी ऐकत असेल, आणि घरात लग्नाची गाणी येणारी आजी असेल, तर पुढच्या रविवारी फोन तिच्यासमोर ठेवा. गाण्याआधी ते कधी म्हणतात, हळदीला की उंबराच्या पाण्याला, हे तिच्याच तोंडून बोलून घ्या. नंतर ते कुणाला सांगता येत नाही.